पिलाचे दांत आणि धन्याचा धीर

शेतकऱ्याच्या वाड्यांत बैल, गाय व म्हैस यांच्या खालोखाल जर कोणत्या जनावराचा उपयोग असेल, तर तो कुत्र्याचा होय. खळ्यावरची रास, गोठ्यांतील वासरें व वाघुरींतील मेंढरें रात्रीं त्याच्याच भरंवशावर असतात. असें असूनही बैलाच्या शिक्षणाविषयीं आमचा शेतकरीवर्ग जितका विचार करतो, त्याच्या शतांशही विचार तो कुत्र्याच्या शिक्षणाविषयीं करीत नाहीं. पिलूं घरीं आणावें, त्यास भाकरीचे तुकडे घालावे, आणि तें हातापायांस चावूं लागलें कीं त्यास बडवावें, एवढ्यावर सर्व विद्या संपते. ही पद्धति चुकीची असून तिचे परिणाम बहुधा घरांतील लहान मुलांस भोगावे लागतात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न आतां केवळ खेड्याचा राहिलेला नाहीं. वांद्र्यांतील पाली, चुईम, रानवर या वस्त्यांभोवतीं एके काळीं शेतें व वाड्या होत्या. आज तेथें उंच इमारती उभ्या आहेत. शेतकऱ्यांचे कित्येक मुलगे व नातू नोकरीनिमित्त अशाच इमारतींत राहतात. सुटींत गांवीं आले म्हणजे शेतावरच्या कुत्रीचें एखादें पिलूं ते हौसेनें उचलून नेतात. महिन्याभराचें तें जनावर आईपासून तुटतें, दोन खोल्यांत कोंडलें जातें, आणि थोड्याच दिवसांत निरोप येतो कीं, पिलूं भारी चावरें निघालें, परत घेऊन जा! खरें पाहतां येथें दोष पिलाचाही नाहीं व त्याच्या जातीचाही नाहीं.

पिलाच्या तोंडांतील व्यवस्था एकदां समजून घेतली म्हणजे निम्मी चिंता दूर होते. पिलूं सुमारें तीन आठवड्यांचें झालें कीं त्यास दुधाचे दांत येऊं लागतात. हे दांत २८ असून सुईसारखे टोंकदार असतात. चवथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागतात, आणि सहा-सात महिन्यांचें होईपर्यंत त्यांच्या जागीं ४२ कायमचे दांत येतात. या काळांत हिरड्या सळसळतात व जें दिसेल तें चावावेंसें वाटतें. शिवाय लेंकरूं जसें हातांनीं चाचपून वस्तु ओळखतें, तसें पिलूं तोंडानें ओळखतें. सारांश, हें चावणें क्रौर्य नसून वय आहे.

मात्र दांत किती जोरानें लावावे, हें ज्ञान त्यास उपजत नसतें. तें भावंडांत खेळतांना मिळतें. एकानें दुसऱ्यास जोरानें चावा घेतला कीं दुसरें केंकाटतें व खेळ मोडतें. आंचळास दांत लागले कीं आईही उठून जाते. जोरानें चावलें कीं खेळ संपतो व दूध तुटतें, हा पहिला धडा होय. म्हणून आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं पिलूं आईपासून तोडूं नये. मागणारा कितीही जवळचा असला, तरी शेतकऱ्यानें या बाबतींत भीड धरूं नये.

पुढें घरांतही हाच धडा चालवावा. पिलानें हात धरला तर तो हिसकूं नये. हिसकल्यानें तें अधिकच चेवानें झडप घालतें. हात सैल सोडावा, खेळ तेथेंच थांबवावा, आणि पाठ फिरवून अर्धा मिनिट त्याच्याकडे लक्ष देऊं नये. तें शांत झालें कीं पुन्हां जवळ घ्यावें. चावण्यासाठीं जाड सुती दोराची गांठ अथवा ओल्या फडक्याचा पीळ द्यावा. मात्र तुकडे तुटूं लागले कीं तो काढून घ्यावा. शिजविलेलें हाड देऊं नये, कारण त्याच्या कपच्या घशांत व आंतड्यांत रुततात. जुनी वहाणही देऊं नये. जुनी कोणती व नवी कोणती हें त्यास कळत नाहीं. तसेंच पिलास दिवसाचे बहुतेक तास झोंप लागते. ती मोडली कीं तें किरकिरें होऊन अधिक चावतें. घरांतील सर्वांनीं एकच रीत पाळावी. धनी शिकवितो आणि पोरें बोटें नाचवून चिडवितात, असें झाल्यास कोणतेंही शिक्षण टिकणार नाहीं.

नवा गोऱ्हा जुंपतांना आपण त्यास जाणत्या बैलाचा जोडीदार करतों, थोडें थोडें काम देतों. पहिल्याच दिवशीं पराणीनें रक्तबंबाळ करीत नाहीं. मग हाच शहाणपणा कुत्र्याच्या वांट्यास कां येऊं नये? थोबाडींत मारलेलें पिलूं चावणें सोडतें असें नव्हे. तें माणसाच्या हातास भिऊं लागतें, आणि भ्यालेलें कुत्रें मोठेपणीं खरोखर चावतें. कित्येक लोक तर कुत्रें "तिखट" व्हावें म्हणून त्यास मुद्दाम डिवचतात व आंखूड सांखळीनें बांधून ठेवतात. असें कुत्रें चोर व पाहुणा यांत भेद करीत नाहीं. राखण करण्यास सावधपणा लागतो, पिसाटपणा नव्हे. शिवाय पाळलेल्या जनावराबाबत हयगय करून दुसऱ्याच्या जिवास धोका आणणें हा भारतीय न्याय संहितेप्रमाणें गुन्हा आहे, हेंही विसरूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिलाचा खेळांतला ओरखडा क्षुल्लक मानण्याची चाल फार घातक आहे. पिसाळ रोग लहान पिलांसही होऊं शकतो, आणि माणसांत त्याचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. लुई पाश्चर यानें १८८५ सालीं या रोगावरची लस माणसास प्रथम टोंचली. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे जखमेवर हळद, चुना अथवा मिरची भरली जाते, हें लाजिरवाणें होय. दांत लागून कातडी फाटल्यास जखम पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें व साबणानें धुवावी, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. पोटांतील चौदा टोंचण्यांचें भय आतां बाळगण्याचें कारण नाहीं; ती जुनी लस आपल्या देशांत केव्हांच बंद झाली आहे. आतांच्या लसीच्या चार-पांच मात्रा दंडांत घ्याव्या लागतात. डॉक्टर ठरवितील त्या सर्व, ठरल्या दिवशीं, पुऱ्या कराव्या. पिलास तीन महिन्यांचें होतांच लस टोंचावी, व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती वेळोवेळीं द्यावी. व्यायच्या कुत्रीसही ती अगोदरच दिलेली असावी.

आमची सूचना इतकीच कीं, ज्याच्या शेतावर कुत्री व्याली असेल त्यानें पिलें देण्यापूर्वीं तीं दोन महिन्यांचीं होऊं द्यावीं, आणि नेणाराकडून लस टोंचण्याचा शब्द घ्यावा. मग पिलूं शेजारच्या वस्तीवर जावो कीं वांद्र्यास. बियाणें देतांना त्याची उगवण पाहून देणारा शेतकरी पिलाच्या बाबतींत बेफिकीर राहतो, हें त्यास शोभत नाहीं. दुधाचे दांत पांच-सहा महिन्यांत पडून जातात. त्या अवधींत धन्यानें धरलेला धीर मात्र पुढें दहा-बारा वर्षें त्याच्या दारांत राखण करीत बसतो.