एसटी असती तर...

आमचं विमान मुंबईला चक्क वेळेवर उतरलं. सीटबेल्टचा दिवा विझताच सगळे ताडकन उभे. पण दार उघडेचना! दाराला येऊन चिकटणारा एरोब्रिज चार हातांवर अडून बसला होता.

‘‘एसटी असती तं धक्का मारला असता बाप्पा,’’ आई म्हणाली. चिखलीची आहे ती! बुलढाणा जिल्ह्यात विमानसेवा नाही, म्हणून संभाजीनगरहून तिचा हा पहिलाच विमानप्रवास. आजूबाजूचे हसले, मीही हसले.

वीस मिनिटांनी शिडी लागली आणि माझं हसू पळालं. आईची व्हीलचेअर वर, एरोब्रिजच्या टोकाला. आमच्यापुढे मात्र पायऱ्या. आणि तिचे गुडघे पायऱ्या बघूनच संप पुकारतात.

बिघाड यंत्राचा, पण चूक माझीही. व्हीलचेअर मागताना ‘पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत’ हे वेगळं सांगायचं असतं. म्हणजे शिडीच्या वेळी अँब्युलिफ्ट, खुर्ची थेट दारापर्यंत उचलणारी गाडी, येते. मी सांगितलंच नव्हतं.

‘‘उतरते नं हळूहळू,’’ आई म्हणाली. मी तिला बसवूनच ठेवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये याच विमानतळावर व्हीलचेअरसाठी न थांबता चालत निघालेले ८० वर्षांचे प्रवासी कोसळले, ते गेलेच. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. माणूस थोडाच परत येतो?

अखेर अँब्युलिफ्ट आली. आई ऐटीत खाली!

आता तिकीट काढताना आधी विचारते, ‘‘आई, पायऱ्या जमतील?’’ ती दरवेळी ‘हो’ म्हणते. मी दरवेळी ‘नाही’ भरते.