माळ्यावरचा ग्रामोफोन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भोर येथील एका जुन्या घराचा माळा आवरण्याचा प्रसंग आम्हांवर आला. तुटक्या पाळण्याआड एक काळी पेटी निघाली. झाकण उघडले तो आत बनातीने मढविलेली थाळी, एक वाकडी लोखंडी चावी आणि काही तबकड्या! तो चावीचा ग्रामोफोन होता. घरातील वडील माणसे सांगत की, वेल्ह्याकडील डोंगरी वाड्यांत वीज पोहोचण्यापूर्वी लग्नकार्यासाठी ही पेटी बैलगाडीतून नेत असत. चावीने आवळलेली कमान उलगडू लागली की थाळी फिरे. विजेचे कामच नसे.

लागलीच घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे, भंगारवाल्यास द्यावी. दुसरा म्हणे, तीस पितळी कर्णा बसवून, रोगण लावून दिवाणखान्यात मांडावी. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पेटीच्या ग्रामोफोनाचा कर्णा आतच असतो. बाहेरून दुसरा लावणे म्हणजे खऱ्या वस्तूस खोटी करणे होय. वस्तूचा जीर्णोद्धार म्हणजे तिला नटविणे नव्हे, तर तिचे काम तिला पुन्हा करू देणे.

एका वृद्ध घड्याळजींच्या साह्याने आम्ही तेवढेच केले. आवळलेली कमान निसटल्यास गंभीर इजा होते, म्हणून ती प्रथम पूर्ण उतरविली आणि मगच त्यांनी यंत्र उघडले. घट्ट झालेले ग्रीस काढून नवे घातले. सुईच्या डबीतील अभ्रकाची चकती शाबूत होती; तिच्या कडेचे वाळलेले रबर मात्र बदलावे लागले. तबकड्यांत लाख असते व ती स्पिरिटात विरघळते, म्हणून त्या केवळ मऊ, किंचित ओलसर फडक्याने पुसल्या.

कोणी विचारील, मोबाइलवर हवे ते गाणे ऐकू येत असता हा खटाटोप कशास? त्यास आमचे उत्तर असे. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले. ती कला येथे आल्यावरही गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले, ते आपल्या गळ्याची एकही तबकडी मागे न ठेवता. त्यांचे शिष्य बालगंधर्व आज ऐकू येतात. गुरू येत नाहीत. उतरविलेला आवाजही अमर नसतो. लाखेची तबकडी हातून पडताच फुटते, आणि तिची नक्कल कोठेही नसेल तर तो आवाज कायमचा जातो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीत आपापल्या घरचा माळा पाहा. तबकडी सापडल्यास तिजवरील नावे वहीत उतरून घ्या आणि जाणत्याकडून तिची नक्कल करवून ठेवा. पोलादी सुईने तबकडी झिजते. म्हणून ती क्वचितच वाजवा, आणि प्रत्येक बाजूस नवी सुई लावा. पालकांस आमची विनंती एवढीच की, पेटी विकण्यापूर्वी घरातील वृद्धांस एकदा विचारावे.

आमची पेटी वाजली तेव्हा थाळी मिनिटास ७८ फेरे घेत होती. एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपली. कोपऱ्यात बसलेल्या आजी मात्र ते पद पुढे कितीतरी वेळ गुणगुणत होत्या.