घरात कमी वयात हार्ट अटॅक? भावंडांचं, मुलांचं कोलेस्टेरॉल तपासा



तुमच्या घरात एखाद्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला साठीच्या आत हार्ट अटॅक आला आहे का? मग पेशंट बरा होऊन घरी आला म्हणून निर्धास्त राहू नका. तोच धोका त्याच्या भावंडांच्या आणि मुलांच्या रक्तात असू शकतो.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर आत ओढून घेतात आणि पुढच्या फेरीसाठी पुन्हा वर येतात. यकृतच पीसीएसके-९ नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. ते रिसेप्टरला चिकटलं की तो परत वर येत नाही, पेशीतच नष्ट होतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे प्रथिन जन्मतःच अतिप्रभावी असल्याचं आढळलं. त्यांचं कोलेस्टेरॉल लहानपणापासून चढलेलं होतं.

२००६ मध्ये अमेरिकेतून उलट बाजू समोर आली. जन्मतःच हे प्रथिन कमी बनणाऱ्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं; हृदयविकाराचा धोका मात्र ८८ टक्के कमी! कारण एलडीएल आयुष्यभर कमी राहिलं होतं. म्हणूनच उपचाराला उशीर झालेलं प्रत्येक वर्ष महाग पडतं.

या प्रथिनाच्या, आणि बहुतेक वेळा रिसेप्टरच्याच, जनुकातल्या दोषामुळे होणारा आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार जगात सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला असतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता ५० टक्के. माणूस सडपातळ असला, तेलकट खात नसला, तरी हा आजार टळत नाही.

म्हणून एवढं कराच:

• पेशंटच्या सख्ख्या भावंडांचं आणि मुलांचं लिपिड प्रोफाइल करून घ्या.
• मोठ्यांचं एलडीएल १९० किंवा मुलांचं १६० च्या वर आलं, तर थेट डॉक्टरांना गाठा आणि घरातला इतिहास सांगा.
• टाचेमागच्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर गाठी दिसल्या, तर थांबू नका.
• कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी रिपोर्ट सुधारला म्हणून मनाने बंद करू नका. ती पुरली नाही, तर पीसीएसके-९ रोखणारी इंजेक्शनं आहेत. त्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

दुखत नाही, म्हणून कुणी तपासत नाही, आणि त्यातच चाळिशीतली माणसं जातात. हे वाचून झालं की भावाला, बहिणीला फोन लावा आणि या आठवड्यातच तपासणीचा दिवस ठरवा.