चार मुलांच्या वर्गाचा निकाल



हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तोवर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतील. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयते बांधून झालेले असतात आणि ज्यांना गावी सांभाळायला कोणी नसतं ती मुलंही बिऱ्हाडाबरोबर निघतात. शाळेचा पट मात्र 30 सप्टेंबरचा धरला जातो. त्याच पटावर संचमान्यता होते, शिक्षकांची पदं ठरतात. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा हजेरीपटावरची नावं तीच असतात, पण वर्गातली कितीतरी मुलं उसाच्या फडात पोचलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात, तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. मग निकाल लागतो आणि कोणीतरी म्हणतं, या शाळेचा दर्जा घसरला.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही लहान सरकारी शाळांना दिला आहे, तो या एका वाक्यामुळे.

लहान शाळेचे टक्के मुळात जपूनच वाचायला हवेत. चौथीत चार मुलं आहेत असं धरा. त्यातलं एक तापानं अंथरुणाला खिळलं की निकाल थेट 75 टक्क्यांवर येतो. पुढच्या वर्षी चारही मुलं पास झाली की तीच शाळा शंभर नंबरी. शिक्षक तेच, फळा तोच. अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या शाळांचे गुण तपासले, तेव्हा सर्वांत वरच्या शाळांत लहान शाळा प्रमाणाबाहेर जास्त निघाल्या आणि सर्वांत खालच्या शाळांतही. पट लहान असला की सरासरी दोन्ही बाजूंना उड्या मारते. लहान शाळेत शिक्षण सुधारेल या आशेनं गेट्स फाउंडेशननं तिकडे लहान हायस्कुलांवर प्रचंड पैसा ओतला आणि 2009 मध्ये खुद्द बिल गेट्स यांनी लिहून टाकलं की त्यातल्या अनेक शाळांत मुलांच्या गुणांत म्हणावी तशी सुधारणा झाली नाही. आपल्याकडे चूक उलट दिशेनं होते. आपण खाली आलेल्या आकड्यावर बोट ठेवतो आणि शाळेला कुलूप लावायची भाषा करतो.

त्यापेक्षा शाळेत कोण बसलं आहे ते आधी पाहू या. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 साली सिग्नल शाळा सुरू झाली. ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी मिळून ती उभी केली. वर्ग भरायचे कंटेनरमध्ये, डोक्यावरून वाहतूक चालू. मुलं त्याच चौकातली: सिग्नल लाल झाला की गजरे आणि खेळणी घेऊन गाड्यांच्या काचांशी येणारी. दुष्काळानं गाव सोडायला लावलेली ही कुटुंबं, त्यांत पारधी समाजातली पुष्कळ. 2018 मध्ये या शाळेतली दोन मुलं दहावी पास झाली. या ‘दोन’ला कुठल्या तक्त्यात, कुठल्या शाळेशेजारी बसवणार? पुलाखाली वाढलेलं मूल दहावीपर्यंत टिकलं, हाच तिथला निकाल आहे, आणि आमच्या मते तो फार मोठा आहे.

शिक्षण हक्क कायद्यानं अशा मुलांसाठी दार उघडं ठेवलं. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. तरतूद योग्यच आहे. पण अकरा वर्षांची मुलगी अशी थेट पाचवीत बसते तेव्हा तिला अक्षरओळखही नसते. घरी गोरमाटी किंवा पारधी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी नवी असते. एकेका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकदम सांभाळायच्या असतात. सहा महिन्यांत ती मुलगी धडा वाचू लागली तर त्या शिक्षकानं डोंगर उचलला आहे. वार्षिक परीक्षेत ती तरीही ‘अप्रगत’च दिसू शकते.

जनरल रजिस्टर उघडून पाहा. मुलाचं नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. या शेवटच्या कारणापुढे अनेकदा दोनच शब्द असतात, ‘पालकांचे स्थलांतर’. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायची पद्धत आहे, म्हणजे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं. गावोगावी हंगामी वसतिगृहंही चालतात. जिथे शिक्षक मुकादमाच्या मागे लागून, आजी-आजोबांना गळ घालून मुलं गावात ठेवून घेतात, तिथे पट टिकतो. ही धडपड कुठल्याही गुणपत्रिकेत उमटत नाही.

2023 मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या जवळपास 15 हजार शाळा असल्याचं समोर आलं. त्यांत 1 लाख 85 हजारांवर मुलं शिकत होती. त्यांना एकत्र आणून समूह शाळा कराव्यात, असे प्रस्ताव मागवले गेले. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, विषयाला शिक्षक असेल, खेळायला सवंगडी असतील. हे सगळं खरं आहे. पण वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून, गाडीची वाट पाहत जायचं असेल, तर पहिल्या पावसाळ्यातच तिची शाळा सुटेल. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत मागितली, ती हिच्याचसाठी.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक लहान शाळेनं मुलामागे एक पान ठेवावं: मूल कधी आलं, तेव्हा त्याला काय वाचता येत होतं, घरची भाषा कोणती, वर्षातले किती महिने ते वर्गात होतं, आता काय वाचतं आणि गेलं असेल तर कुठे गेलं. पंधरा मुलांच्या शाळेत ही पंधरा पानं होतील. एखादी शाळा बंद करण्याची फाइल सहीला जाईल तेव्हा ही पानं तिला जोडलेली असावीत आणि सही करणाऱ्यानं ती वाचलेली असावीत.