खिशातला एक, ड्रॉवरमधले सहा

पहाटे पावणेसहाची वेळ. बंगळूरची फ्लाइट. डोळे अर्धे मिटलेले, लॅपटॉप ट्रेमध्ये, बेल्ट हातात. डोक्यात क्लायंटसमोरचं प्रेझेंटेशन घोळतंय आणि तेवढ्यात एक्स-रे मशीनजवळचा जवान विचारतो, ‘सर, ये चाबी का गुच्छा आपका है?’

माझाच होता. बाइकची चावी, घराची चावी, ऑफिसच्या कपाटाची चावी आणि त्यांच्या मध्ये लाल रंगाचा, बोटाएवढा चाकू. जवानाने नखाने पातं उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या डब्याकडे बोट दाखवलं. चेक-इनला द्यायची बॅग नव्हतीच. परत मागे जाऊन कुणाकडे ठेवायला वेळही नव्हता. टक्! गेला डब्यात.

मंडळी, त्या दिवशी माझ्याकडे एकूण सात चाकू आणि मल्टिटूल्स होती. सहा घरी ड्रॉवरमध्ये, आपापल्या खोक्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेली. गेला तो सगळ्यांत स्वस्त. मनात म्हटलं, चला, स्वस्तात सुटलो. पण संध्याकाळपर्यंत चार वेळा हात खिशात गेला आणि रिकामा परत आला. नव्या शर्टाचा टॅग, सॅम्पलच्या खोक्यावरची टेप, बाहीचा लोंबणारा दोरा आणि रात्री हॉटेलवर शेंगदाण्याचं न फाटणारं पाकीट. ते शेवटी दातांनी फोडलं. महागड्या सहांची मात्र दिवसभरात एकदाही आठवण आली नाही.

आता थोडा कबुलीजबाब. या नादाला एव्हरीडे कॅरी असं झकास नाव आहे, शॉर्टमध्ये ईडीसी. फंडा सोपा. रोज अंगावर जे बाळगता, पाकीट, किल्ल्या, पेन, छोटा टॉर्च, चाकू, ते विचार करून निवडायचं. आपल्याकडे हे नवीन नाहीच. माझ्या आजोबांची चंची म्हणजे ईडीसीच होती की! पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता, प्रत्येकाला आपला कप्पा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते कधी पाहिलेत? रोजच्या वापराच्या वस्तूवर माणसं किती जीव लावायची ते तिथे कळतं.

माझी सुरुवात झाली स्विसचॅम्पपासून. 33 फंक्शन्स, 185 ग्रॅम. करवत, कानस, पक्कड, भिंग, पेन, माशाची खवलं काढायचं साधनसुद्धा! मग मित्राने अमेरिकेहून लेदरमन वेव्ह आणला. मग फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल आठ नंबर. मग जपानचा हिगोनोकामी, पितळी पत्र्याच्या मुठीतलं साधं पातं. मग स्विस चाकूंच्या दरवर्षी निघणाऱ्या लिमिटेड एडिशनचे दोन रंग. आतून दोन्ही सेम टु सेम, पण रंग वेगळा ना, बॉस!

एका रविवारी हा सगळा खजिना बाबांसमोर मांडला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर, हे त्यांचं आयुष्यभराचं ईडीसी. त्यांनी स्विसचॅम्प हातात घेतला. एकेक पातं उघडलं, बोटाने धार पाहिली, मिटवलं. पाच मिनिटं एक शब्द नाही. मग म्हणाले, ‘माल चांगला आहे रे. पण किती वेळा उघडलास?’

मी म्हटलं, ‘बाबा, कलेक्शन आहे ते.’

‘बरं,’ म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

त्यांचा प्रश्न मला नीट कळला तो बंगळूरला, शेंगदाण्याचं पाकीट दातात धरल्यावर. आपण दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी माणसं. एक्सेलमध्ये सेल रंगवतो, मेलला मेल जोडतो. हाताने काही उघडलं, कापलं, घट्ट केलं असं दिवसात किती वेळा होतं? मग कधी तरी दुकानाच्या काचेआड पक्कड, करवत, पाती दिसतात आणि वाटतं, हे घेतलं की आपणही ‘कामाचा माणूस’ होणार. पण चाकू विकत घेऊन हातात कसब येत नाही. ते उघडून-मिटूनच येतं.

मजा म्हणजे या वस्तू जन्मल्या त्याच मुळी कुणाच्या तरी अडचणीतून. स्वित्झर्लंडच्या ईबाखमध्ये कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये चाकूंचा कारखाना काढला आणि 1891 मध्ये सैन्याला पहिला माल दिला. त्या सैनिकी चाकूत पेचकस का? तर नवी रायफल खोलायला लागायचा. डबा उघडायचं साधन का? तर शिधा डब्यातून यायचा. कॉर्कस्क्रूवाला ऑफिसर्स नाइफ आला 1897 मध्ये. पुढे आईचं नाव व्हिक्टोरिया आणि न गंजणाऱ्या पोलादासाठीचा ‘इनॉक्स’ हा शब्द जोडून 1921 मध्ये झालं व्हिक्टोरिनॉक्स.

दुसरा किस्सा अमेरिकेच्या टिम लेदरमनचा. 1975 मध्ये हा गडी बायकोबरोबर जुन्या फियाटमधून भटकायला निघाला. गाडी सारखी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे. खिशात चाकू होता, पक्कड नव्हती. घरी परतल्यावर तो पक्कडवाला चाकू बनवायला बसला. 1980 मध्ये पेटंट मिळालं, 1983 मध्ये एका मित्राबरोबर कंपनी निघाली. आधी अडचण, मग हत्यार. आपलं उलटं! आधी हत्यार घेतो, मग त्याला शोभेल अशी अडचण शोधत बसतो.

म्हणून घ्यायच्या आधी एक आठवडा हे करा. दिवसभरात ‘आत्ता हातात काही तरी हवं होतं’ असं वाटलं की मोबाइलमध्ये लिहून ठेवा. माझ्या यादीत कुरिअरची खोकी, दोरे, टॅग, दुधाची पिशवी, सफरचंद, चष्म्याचा सैल स्क्रू आणि एकदा बोटात घुसलेलं कूस एवढंच निघालं. करवत शून्य. माशाची खवलं शून्य. कात्री मात्र रोज! तुमच्या यादीत काय येतं त्यावर खरेदी ठरवा.

यादीत कात्री, दोरे, टॅग असतील, तर माझा गेलेला तोच, व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक एसडी. मिटल्यावर 58 मिलिमीटर, वजन 20-22 ग्रॅम. छोटं पातं, कात्री, नखाची कानस, बारीक पेचकस, चिमटा, दातकोरणं. किल्ल्यांमध्ये असल्याचं जाणवतही नाही. (विमानतळावर तेच नडतं म्हणा!)

यादीत फळं, ब्रेड, ट्रेकवरचा कांदा असेल, तर 91 मिलिमीटरच्या घराण्यातला स्पार्टन बघा. कात्रीशिवाय चालत नसेल, तर त्याच घराण्यातला क्लायंबर. ओपिनेल दिसायला फार देखणा, फिरत्या कड्याने पातं पक्कं लॉक होतं. पण आपल्या पावसाळ्यात लाकडी मूठ दमट हवेने फुगते आणि पातं निघता निघत नाही. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला तर गंजही लवकर चढतो. मुंबई-कोकणवाल्यांनी स्टेनलेसच घ्यावं.

बाइक, सायकल, वायरी, नट-बोल्ट यांच्याशी खरोखर झटापट होत असेल, तरच पक्कडवालं मल्टिटूल. हल्लीचा वेव्ह प्लस 241 ग्रॅमचा आहे, म्हणजे दुसरा मोबाइलच खिशात! फॉर्मल पॅन्ट एका बाजूने खाली ओढली जाते, स्वानुभव आहे. त्याची जागा बॅगेत किंवा बाइकच्या डिकीत.

आणखी एक. छोट्या स्विस चाकूंना बहुतेक लॉक नसतं, पातं स्प्रिंगच्या जोरावर उभं असतं. टोकाने भोसकायला किंवा उचकटायला गेलात तर ते उलटं मिटतं, थेट बोटावर. पातं कापायला, उचकटायला पेचकस. फूटपाथवरचा ‘सेम टु सेम’ माल टाळाच. त्याचं पातं पहिल्याच आठवड्यात लटपटायला लागतं. काम झालं की पातं पुसायचं. फळाच्या रसाने सांधा चिकटला, तर कोमट पाण्यात उघडझाप करून कोरडं करायचं आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं.

आता कायद्याचं. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट येते आणि घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. आपले चिमुकले चाकू त्यापासून फार लांब. पण म्हणून मिरवू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शहरांमध्ये वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि सार्वजनिक ठिकाणी न बाळगायच्या वस्तूंच्या यादीत चाकूही असतो. सभा, मोर्चा, मॅच, जत्रा असेल तर चाकू घरी. सिनेमातल्यासारखा बटण दाबून खाट्कन उघडणारा रामपुरी तर नकोच नको. ‘सेल्फ डिफेन्ससाठी ठेवतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला प्रेमाने समजवा. हे अवजार आहे, हत्यार नाही. विमानात चाकू फक्त चेक-इन बॅगेत. आदल्या रात्री किल्ल्यांचा जुडगा तपासा, नाही तर माझ्यासारखी गत. खुद्द व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी 2024 मध्ये सांगितलं, की देशोदेशीचे नियम कडक होत असल्याने कंपनी बिनपात्याच्या टूल्सवरही काम करतेय.

मग कलेक्शन करूच नये का? जरूर करा. मीही ड्रॉवर रिकामा केलेला नाही. पण आता एक नियम लावलाय, प्रत्येकाला महिन्यातून एकदा कामावर न्यायचं. ओपिनेल रविवारी आंबा कापतो, वेव्ह बाइकबरोबर असतो, हिगोनोकामी पेन्सिलींना टोक करतो. जो तीन महिने कामाला लागला नाही, तो ज्याला लागेल त्याला देऊन टाकायचा. त्या दोन रंगांपैकी एक असाच आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या पोरीकडे गेला. तिने पहिल्याच ट्रेकला त्याने दोरी कापली, मी दोन वर्षांत पॅकिंगचं प्लॅस्टिकही कापलं नव्हतं.

बंगळूरहून आल्यावर पुन्हा तोच क्लासिक घेतला. एक नाही, दोन. एक माझ्या किल्ल्यांना, एक बाबांना. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, ‘कशाला खर्च?’ म्हणाले आणि टेस्टरशेजारी खिशात टाकला. मला वाटलं, आता कपाटात जाणार.

गेल्या रविवारी घरी गेलो तेव्हा चाकू मागून पाहिला. पात्यावर ओरखडे, कात्रीला चिकटपट्टीचा डिंक आणि मुठीतला चिमटा गायब.

‘बाबा, चिमटा कुठे गेला?’

‘पडला असेल कुठे तरी. रोज वापरतो ना मी.’

घरी येऊन ड्रॉवर उघडला. स्विसचॅम्पचा चिमटा जागच्या जागी होता. नवाकोरा.