नाव आधी बांधावर शोधा

गूळ, हळद, बेदाणा, आंबा असा माल थेट ग्राहकाला विकणारी शेतकरी कुटुंबे आता गावोगावी दिसतात. विक्री सुरू झाली की पिशवीवर काय छापायचे हा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक वेळा तो छापखान्यात, घाईघाईत सुटतो. 'कृषी', 'ग्रीन', 'फ्रेश', 'ऑरगॅनिक' हेच शब्द उलटसुलट जोडले जातात. अशा नावांचा माल प्रदर्शनात शेजारी शेजारी मांडला, तर पुढच्या वेळी कोणाला शोधायचे हे ग्राहकाला कळत नाही.

आमचे म्हणणे असे की, नाव बाहेर शोधण्याआधी आपल्याच जमिनीत शोधावे. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. अनेक उताऱ्यांवर तो कोराच राहतो. 1947 च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि जुनी नावे तोंडीच उरली. चिंचेचा मळा, पाटाखालची पट्टी, ओढ्याकाठचा डाग, चोपण ही ती नावे. पाणी धड न जिरणाऱ्या जमिनीला चोपण म्हणतात. मोटेवर भिजणारी जमीन ती मोटस्थळ. आधीच्या पिढ्यांनी माती आणि पाणी पारखून ही नावे दिली. घरातल्या आजी-आजोबांना, जुन्या सालगड्याला विचारा. ती माणसे गेली की ही नावे कोणत्याच दप्तरात सापडणार नाहीत.

शेताला एकाच माणसाचे नाव देताना दहा वेळा विचार करा. थोरल्या मुलाचे नाव वाटणीच्या दिवशी भांडणाला कारण होते आणि सुनेचे, मुलीचे कष्ट त्यात दिसत नाहीत. झाडाचे, ओढ्याचे, माळाचे नाव साऱ्या घराचे असते.

कायद्याची बाजूही पाहावी. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार, केवळ मालाचा प्रकार, गुण किंवा मूळ ठिकाण सांगणाऱ्या नावाला सहसा नोंदणी मिळत नाही. नोंदणी 10 वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येते. ताजी फळे-भाजी वर्ग 31 मध्ये, बेदाणा 29 मध्ये, गूळ-हळद 30 मध्ये येते. आपण योजलेले नाव दुसऱ्याने आधी घेतले आहे का, हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. हापूसला 2018 मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. त्या पट्ट्याबाहेरच्या आंब्याला हापूसचे नाव लावणे हा कोकणातल्या बागायतदारावर अन्याय आहे आणि कायद्याचा भंगही. 'सेंद्रिय' हा शब्दही नावात घालू नये. प्रमाणपत्राची मुदत संपते, नाव मात्र पाटीवर राहते आणि मग ते खोटे ठरते.

एकदा ठरलेले नाव पाटीवर, पिशवीवर, पावतीवर एकाच पद्धतीने लिहा. ते वरचेवर बदलू नका. नावाला पत येते ती वर्षानुवर्षे एकसारखा माल दिल्याने. लहान शेतकऱ्याकडे जाहिरातीला पैसा नसतो. सांगायला सोपे आणि लक्षात राहणारे नाव हीच त्याची जाहिरात.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच: या महिन्यात घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे, सातबारा समोर घ्यावा, वडीलधाऱ्यांकडून शेताची जुनी नावे लिहून घ्यावीत आणि त्यातून एक निवडावे. छपाईचे काम त्यानंतरच द्यावे.