सेवानिवृत्तांच्या खात्याला टाळे कोणाच्या हुकमाने?

खेड्यापाड्यातील आमच्या पहिल्या शिकलेल्या पिढीची जन्मतारीख बहुधा 1 जून असते. आईबापांना तारीख ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती आयुष्यभराची झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी 31 मे रोजी मध्यान्होत्तर महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि महाविद्यालये यांतून आमचे प्राध्यापक, ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाई मोठ्या संख्येने घरी जातात. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, एक समूह छायाचित्र. आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात संगणक विभागातील कोणीतरी एक कळ दाबतो व त्या माणसाचे विद्यापीठाचे ई-मेल खाते बंद होते.

वाचक म्हणतील, देशात आरक्षणावर घाला येत असताना, शिष्यवृत्त्या महिनोन्महिने रखडत असताना, तुम्ही ई-मेलचे काय घेऊन बसलात? बांधवांनो, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. विद्यापीठाचे खाते म्हणजे आता नुसती टपालपेटी राहिलेली नाही. त्याच एका पासवर्डवर ग्रंथालयाची संशोधनपत्रिका उघडते, विद्यार्थ्याचा प्रबंध तपासला जातो, पगारपत्रक व आयकराचा फॉर्म 16 मिळतो, वीस-पंचवीस वर्षांची टिपणे आणि पत्रव्यवहार साठवलेला असतो. पूर्वी निवृत्त होणारा प्राध्यापक कपाटातील आपल्या फायली गोणीत भरून गावी नेत असे. आज कपाट संस्थेचे, कुलूप संस्थेचे आणि किल्लीही संस्थेचीच!

हे अचानक का वाढले, तेही समजून घेतले पाहिजे. गूगल कंपनी शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण फुकट देत होती. फेब्रुवारी 2021 मध्ये तिने ती सवलत संपवण्याचे जाहीर केले आणि जुलै 2022 पासून संपूर्ण संस्थेला मिळून 100 टेराबाइटची मर्यादा घातली. जगभरची विद्यापीठे जागा वाचवायला निघाली. जागा कोणाची रिकामी करायची? जो संस्थेत नाही त्याची. माजी विद्यार्थी आणि सेवानिवृत्त यांच्यावर पहिली कुऱ्हाड पडली. शिवाय कोणी न वापरलेले खाते चोरांच्या हाती लागते, त्यातून फसवणुकीचे संदेश जातात, अशी सुरक्षेची सबब आहेच. ही सबब खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. निवृत्त माणसाने कुलसचिवांच्या किंवा विभागप्रमुखांच्या नावाचे खाते वापरत राहावे, असेही आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप असा की, आमच्या पाहण्यातील बहुतेक ठिकाणी यासंबंधी लेखी नियमच नाही. नोटीस नाही, मुदत नाही, दाद मागण्याची सोय नाही. एकाचे खाते दोन वर्षे चालते, दुसऱ्याचे दोन दिवसांत जाते. जेथे नियम नसतो तेथे मर्जी असते. आणि मर्जी कोणावर असते, हे आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम पाहा. आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. परंतु आधी नोंदलेल्या विद्यार्थ्यांना तो निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतो आणि निवृत्तीनंतर वयाच्या 70 वर्षांपर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतो. महाराष्ट्रात महाविद्यालयीन प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे आयोग म्हणतो, आणखी दहा वर्षे विद्यार्थी घडवा; आणि संस्था म्हणते, आजपासून तुमचे खाते बंद! ज्याला संशोधनपत्रिका उघडता येत नाही, विद्यार्थ्याचा प्रबंध ज्याच्या खात्यावर येत नाही, त्याने मार्गदर्शन करायचे कसे? नुकसान कोणाचे होते? मागासवर्गीय मार्गदर्शक आधीच मोजके. त्यांच्याकडे जाणारे विद्यार्थी बहुधा आपलेच. बार्टीच्या किंवा केंद्राच्या अधिछात्रवृत्तीवर जगणारे, घरातील पहिलेच संशोधक. मार्गदर्शकाचे दार बंद झाले की त्यांचे वर्ष वाया जाते, आणि अधिछात्रवृत्तीची मुदत कोणासाठी थांबत नाही.

इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावाचा विचार करा. येथून पुण्याचे विद्यापीठ शंभराहून अधिक किलोमीटर. या पट्ट्यातून शिकून बाहेर पडलेली माणसे निवृत्तीनंतर गावाकडे परततात. वस्तीतील पोरांचे अर्ज भरून देतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तके सुचवतात, बुद्धविहारात बोलतात. गावात ग्रंथालय म्हणावे असे ग्रंथालय नसते. त्या माणसाचा संगणक हेच ग्रंथालय. 1 जानेवारी 2025 पासून केंद्राने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना सुरू केली. तीस प्रकाशकांच्या सुमारे 13,000 संशोधनपत्रिका, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. पैसा जनतेचा आहे. पण ही पत्रिका वाचायची तर संस्थेच्या मार्फत, संस्थेच्या ओळखीने वाचावी लागते. ओळख पुसली की वरकुट्यात बसलेला विद्वान आणि न शिकलेला माणूस या दोघांना त्या पत्रिकेचे दार सारखेच बंद! ज्यांच्या तीन पिढ्या शिकल्या आहेत त्यांना पुण्या-मुंबईत खासगी संशोधन संस्था आहेत, विश्वस्त मंडळे आहेत, नातेवाइकांची सदस्यत्वे आहेत. आमच्या माणसाकडे विद्यापीठाने दिलेले ते एक खातेच होते.

वकील म्हणून आम्हाला याची दुसरी बाजू अधिक भयंकर वाटते. ती पुराव्याची. इंदापूर तालुक्यातीलच एक सेवानिवृत्त प्राध्यापक आमच्याकडे आले होते. स्थाननिश्चितीचा लाभ त्यांना सहकाऱ्यांपेक्षा काही वर्षे उशिरा दिला गेला. त्यांनी वेळोवेळी ई-मेलने तक्रारी केल्या, उत्तरेही आली. दावा दाखल करायचा म्हटल्यावर कागद कुठे? सगळे बंद झालेल्या खात्यात. कार्यालयाने तोंडी सांगितले, डाटा गेला. गूगलच्या व्यवस्थेत प्रशासकाने खाते काढून टाकल्यावर ते परत आणण्याची मुदत अवघी वीस दिवसांची असते. निवृत्तीचे सत्कार संपेपर्यंत वीस दिवस निघून जातात.

कायदा काय म्हणतो? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे ई-मेलची छापील प्रत पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. संगणक किंवा ते काम ज्याच्या ताब्यात आहे त्याचे आणि तज्ज्ञाचे. जुन्या कायद्यातील कलम 65-ब खाली हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या आपल्या जालन्याच्याच निवडणूक प्रकरणात दिला होता. म्हणजे मूळ नोंद जिच्या ताब्यात आहे, ती संस्थाच प्रतिवादी. आणि ती नोंद पुसण्याचा अधिकारही तिलाच. याला न्याय म्हणायचे काय?

आणि हे एका माणसाच्या पगारापुरते नाही. अनुसूचित जाती-जमाती कक्षाचा प्रमुख निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या नावाच्या खात्यात विद्यार्थ्यांच्या छळाच्या तक्रारी असतात, बिंदुनामावलीवरील हरकती असतात, अनुशेषाचा पत्रव्यवहार असतो. रोहित वेमुला 2016 मध्ये आणि डॉ. पायल तडवी 2019 मध्ये गेली. त्यांच्या मातांनी 2019 मध्येच सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. अशा प्रत्येक लढ्यात प्रश्न एकच असतो: तक्रार केव्हा केली होती, कोणाला केली होती आणि त्याने काय केले? याचे उत्तर ज्या खात्यात आहे ते पुसले गेले, तर 'तक्रार आलीच नव्हती' असे म्हणायला संस्था मोकळी. केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकावर तयार झालेला मजकूरही अभिलेख मानला आहे. महाराष्ट्राने 2005 साली स्वतःचा असा कायदा केला. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 ने अभिलेख सूचीबद्ध करून जतन करण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणावर टाकले. मग कळ दाबणाऱ्याने कोणाची लेखी परवानगी घेतली होती, हे विचारायला नको काय?

कागद गमावण्याची किंमत या चळवळीला चांगली माहीत आहे. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले तेव्हा त्यांचे ग्रंथ आणि सामान घेऊन निघालेली बोट महायुद्धात बुडाली. 1956 मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाल्यावर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे न्यायालयीन ताब्यातील पेट्यांत पडून राहिली. 1979 पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली खंड काढायला सुरुवात केली, तेव्हा कोठे ते लेखन समाजाच्या हाती येऊ लागले. त्या पेट्या निदान शिल्लक होत्या म्हणून उघडता आल्या. पुसलेले खाते कोणता मून उघडणार?

उपाय नाही असे नाही. केंद्र शासनाच्या 2015 च्या ई-मेल धोरणात किमान वीस वर्षे सेवा झालेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्ष जुना पत्ता ठेवण्याची आणि पुढे 'रिटायर्ड' असा उल्लेख असलेल्या वेगळ्या पत्त्यावर तेच नाव तहहयात देण्याची तरतूद केली होती. दिल्लीच्या साहेबांसाठी जे सुचले, ते प्रयोगशाळेत तीस वर्षे घालवलेल्या परिचरासाठी का सुचू नये?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पदाच्या नावाचे खाते पदावर येणाऱ्याकडे जावे आणि त्यातील अभिलेख जतन व्हावा. व्यक्तीच्या नावाचे खाते, साठवण कमी करून का होईना, निवृत्त म्हणून ओळखू येईल अशा पत्त्यावर तहहयात चालावे. सहमार्गदर्शकाला सत्तर वर्षांपर्यंत ग्रंथालयाचा पूर्ण प्रवेश असावा. कोणतेही खाते बंद करण्यापूर्वी किमान सहा महिन्यांची लेखी नोटीस आणि संपूर्ण मजकुराची प्रत मिळावी. तक्रार किंवा दावा प्रलंबित असेल तर त्या खात्याला हात लावू नये. आणि हे नियम शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांना सारखे असावेत.

नियम होईपर्यंत स्वस्थ बसू नका. ज्यांची निवृत्ती वर्षभरावर आली आहे त्यांनी खात्यातील सर्व मजकूर आजच उतरवून दोन ठिकाणी ठेवावा. महत्त्वाचे ई-मेल खाते चालू असतानाच, प्रमाणपत्राची सोय पाहून वकिलाकडे द्यावेत. बँक, निवृत्तिवेतन आणि संशोधकाची ओळख जेथे जेथे संस्थेच्या पत्त्याला जोडली आहे तेथे स्वतःचा पत्ता नोंदवावा. संस्थेला लेखी विचारावे, माझ्या खात्याचे काय करणार? उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात धोरणाची प्रत मागावी. आपल्या कर्मचारी व प्राध्यापक संघटनांनी हा विषय येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.

निवृत्त होताना संस्था कर्मचाऱ्याकडून ग्रंथालयाचे, भांडाराचे, वसतिगृहाचे ना-देय प्रमाणपत्र मागते. एक पुस्तक बाकी असेल तरी निवृत्तिवेतनाची फाईल अडते. आता वेळ आमची आहे. आमच्या माणसाची तीस वर्षांची नोंद तुमच्याकडे बाकी आहे. ती परत करा आणि मगच ना-देय मागा!

जयभीम!